कोर्टात बॉम्ब ठेवल्याचा मेल धाडणाऱ्यास

मायना काय घालावा, इथेच हात अडला. ‘श्री’ लावावंसं वाटत नाही, नाव तू दिलेलं नाहीस, आणि पत्त्याच्या जागी कुठल्याशा परदेशी सर्व्हरचा उसना आकडा आहे. तेव्हा मायन्याशिवायच लिहितो. तुझा मेल आमच्या जिल्हा न्यायालयाला मिळाला, त्याची ही पोच समज.

तुझा मजकूर मी वाचलेला नाही, वाचलेल्यांकडून ऐकलाय. इमारतीत आरडीएक्स ठेवलंय, दुपारच्या आत स्फोट होणार, माणसं बाहेर काढा. खाली कुठल्या तरी दूरच्या राजकारणाचा राग, ज्याचा आमच्या गावाशी काडीचा संबंध नाही. हाच मजकूर त्या सकाळी आणखी किती पत्त्यांवर गेला ते तुलाच ठाऊक. ज्याला धमकी द्यायची त्याचं नाव तरी माणूस नीट लिहितो. तू तेवढेही कष्ट घेतले नाहीस.

शुक्रवार, 12 सप्टेंबर 2025 रोजी आधी दिल्ली उच्च न्यायालयाला असा मेल आला आणि त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयालाही. फोर्टमधली 1878 सालची ती दगडी इमारत रिकामी झाली. न्यायमूर्ती, वकील, कर्मचारी, पक्षकार, सगळे बाहेर. बॉम्बशोधक व नाशक पथक आलं, श्वानपथक आलं, इमारत पालथी घातली, हाती काही लागलं नाही. आठवड्याने पुन्हा तसाच मेल. तू त्यातला पहिला की पन्नासावा, याने मला काही फरक पडत नाही. उच्च न्यायालयात काय झालं ते वर्तमानपत्रांत आलं. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी काय झालं ते कुठेच आलं नाही, म्हणून तुला सांगतो.

मी वकील नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यापायी त्या इमारतीचे जिने चढणारा एक पक्षकार आहे. तारीख पडते, मी जातो, बाकावर बसतो, पुकारा होतो, पुढची तारीख घेऊन परत येतो. त्यामुळे बाकावरून जे दिसतं ते मला पाठ आहे. त्या दिवशी माझ्या शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती. सोबत मावशी. पहाटेच्या एसटीने गावाहून आलेल्या. मुलीने शाळेच्या गणवेशातला स्वेटर घातला होता आणि त्याची बाही ती दातांनी चावत होती. मावशी तिला हळूच सांगत होती, ‘बाई विचारतील तेवढंच सांगायचं, घाबरायचं नाही, तो तुला दिसणार नाही, मध्ये पडदा असतो.’ पोक्सोची केस होती. मुलांची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत व्हावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपावा, असं त्या कायद्याच्या 35व्या कलमात लिहिलंय. त्या मुलीचं वर्ष कधीच उलटून गेलं होतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली. सरकारी वकीलबाईंनी तिचा हात धरला, दाराशी नेलं, आणि तेवढ्यात कोर्टाचा हवालदार जिन्यावरून धावत वर आला.

पुढचं तुला कळायला हवं, कारण तुझ्या करणीचा तेवढाच भाग तू कधी पाहणार नाहीस. न्यायाधीशबाई उठल्या. स्टेनो अर्ध्या वाक्यावर थांबले. बेंच क्लार्कने मुद्देमालाची पिशवी छातीशी धरली, कारण ती टेबलावर सोडून गेलं आणि काही कमी-जास्त झालं तर जाब त्यांनाच विचारला जाणार. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, पोटगीसाठी आलेल्या कडेवर लेकरं घेतलेल्या बायका, जोडीजोडीने बेड्या घातलेले कच्चे कैदी आणि त्यांना ओढत नेणारी कैदी पार्टी, हे सगळे एकाच जिन्याने खाली उतरले. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्या माणसाला दोन हवालदार घेऊन चालले होते, आणि त्याच्यामागे तीन पायऱ्यांवर ती मुलगी. पडदा वर राहिला होता. तो मागे वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मावशीच्या पदरात शिरली आणि त्या दिवशी परत बोललीच नाही.

दुपारी तीनच्या पुढे इमारत ‘सुरक्षित’ ठरली. तोवर कैद्यांची गाडी तुरुंगाकडे परत गेली होती. कोणाचा जामिनाचा अर्ज युक्तिवादाला होता तो राहिला. माझी तारीख राहिली, त्याचं मला काही नाही. मातीचा वाद आहे, माती कुठे जात नाही. मुलीला दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. मावशी विचारत होती, त्या दिवसाची मजुरी बुडाल्याचं काही मिळतं का. आमच्या राज्यात खालच्या न्यायालयांत तुंबलेले खटले पन्नास लाखांच्या वर आहेत. त्या ढिगात तुझ्या एका मेलने किती भर घातली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मी मांडला असता, पण रोजनाम्यात कारण म्हणून एकच ओळ येते, आणि त्या ओळीत ती मुलगी नसते.

तुझ्या मेलचा रोख न्यायाधीशांवर होता, असं म्हणतात. मग रस्त्यावर काय झालं तेही ऐक. सगळ्या इमारतीला एकच गेट. न्यायाधीश, वकील, आरोपी, फिर्यादी, साक्षीदार, सगळे त्या गेटाबाहेर झेरॉक्सच्या टपऱ्यांसमोर उभे. न्यायाधीशबाई नोटरीच्या टेबलाशेजारी, हातात पर्स आणि पाण्याची बाटली. एरवी त्यांना मधल्या दाराने येताना-जाताना पाहायची सवय. त्या दिवशी त्या आमच्यात होत्या. ज्याला त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी सक्तमजुरी सुनावली होती, त्याचा भाऊ आणि चुलता चार हातांवर उभे होते. ते काही बोलले नाहीत. नुसते पाहत होते. बाईंभोवती होता एक शिपाई, आणि त्याच्या हातात होती फाईल. कोणाच्या मनात काही असतं, तर तुझ्या मेलने त्याला हवी तशी जागा, हवी तशी गर्दी आणि हवा तसा गोंधळ मिळवून दिला होता. बॉम्ब न ठेवता न्यायाधीशाला उघड्यावर आणता येतं, हे तू दाखवून दिलंस.

न्यायाधीश उघड्यावर असला की काय होतं ते या देशाने पाहिलंय. 28 जुलै 2021. धनबादचे अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायाधीश उत्तम आनंद पहाटे नेहमीप्रमाणे फिरायला निघाले होते. रस्ता मोकळा होता. ते रस्त्याच्या कडेने चालत होते. मागून आलेली रिक्षा रस्त्याच्या मधून वळून थेट त्यांच्या अंगावर गेली आणि पुढे निघून गेली. जवळच्या कॅमेऱ्यात ते चित्रण आलं नसतं तर अपघात म्हणून फाईल मिटली असती. कॅमेऱ्याने खुनाचा पुरावा दिला. जीव वाचवायला तिथे कोणी नव्हतं. बरोबर वर्षाने, 28 जुलै 2022 रोजी दोघे दोषी ठरले आणि पुढे त्यांना जन्मठेप झाली. त्याआधी 2018 च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये एका न्यायाधीशांच्या पत्नीवर आणि मुलावर भर बाजारात गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही गेले. गोळ्या झाडणारा होता त्या न्यायाधीशांच्या संरक्षणासाठी दिलेला पोलीसच.

आणि 6 ऑक्टोबर 2025 ची गोष्ट तर तू पाहिलीच असशील. आमच्या अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश म्हणून न्यायासनावर बसलेले, आणि एका वृद्ध वकिलाने भर कोर्टात त्यांच्या दिशेने बूट फेकायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या दालनात. सरन्यायाधीशांनी काम थांबवलं नाही, समोरच्या वकिलांना युक्तिवाद चालू ठेवायला सांगितलं. त्यांचा तो धीर मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण न्यायाधीशाच्या धीरावर न्यायालयाची सुरक्षा चालवायची नसते. त्याच्या आदल्याच वर्षी, 2024 च्या डिसेंबरात, कल्याणच्या न्यायालयात खुनाच्या आरोपीने न्यायाधीशांच्या दिशेने चप्पल भिरकावली होती. आज चप्पल असते. ज्या गेटातून पुढे पिस्तूल जातं, ते गेट चपलेच्या दिवशीच दुरुस्त करायचं असतं.

आता तू म्हणशील, मी तर काही ठेवलं नव्हतं. मेल खोटा आहे हे पोलिसांना कळायला हवं होतं, लोकांना बाहेर काढायची गरजच नव्हती. हेच तुझं भांडवल आहे, आणि ते तुझं स्वतःचं नाही. 23 नोव्हेंबर 2007 रोजी लखनौ, वाराणसी आणि फैजाबाद या तीन शहरांच्या न्यायालयांत दुपारी पाठोपाठ स्फोट झाले. वकील मेले, पक्षकार मेले. त्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना ई-मेल आला होता. तो मेल खरा होता. म्हणून आज कुठलाही पोलीस अधिकारी तुझा मेल फाडून फेकू शकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही फेकला नसता. तुझ्या मेलला जी किंमत आहे ती त्या दिवशी मेलेल्या माणसांच्या जिवावर मिळालेली आहे. तू त्यांच्या चितेवर हात शेकतोयस.

बहुतेक वेळा मात्र बॉम्ब न सांगता येतो. 7 सप्टेंबर 2011, दिल्ली उच्च न्यायालय, गेट क्रमांक पाच. आत जायचे पास काढायला पक्षकारांची रांग लागली होती, आणि कोणीतरी ब्रीफकेस ठेवून निघून गेलं. पंधरा माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयाच्या आवाराबाहेर एक लहानसा स्फोट होऊन गेला होता, तरी सप्टेंबरपर्यंत त्या गेटावर सीसीटीव्ही लागला नव्हता. मेले ते कोण, तर आत शिरण्यासाठी रीतसर ओळखपत्र दाखवायला उभे राहिलेले लोक. मी ज्या बाकावर बसतो त्या बाकावरचे लोक. 2021 च्या डिसेंबरात लुधियानाच्या जिल्हा न्यायालयाच्या स्वच्छतागृहात स्फोट झाला, त्यात बॉम्ब घेऊन आलेला बडतर्फ हवालदारच मेला. दोन्हीकडे बाहेर पडा म्हणून आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आणि रोहिणी. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात 24 सप्टेंबर 2021 रोजी दोन जण वकिलाचा काळा कोट घालून आले, 207 क्रमांकाच्या दालनात बसले आणि पोलिसांनी हजर केलेल्या एका गुंडावर न्यायाधीशांसमोर गोळ्या झाडल्या. पोलिसांनी त्या दोघांनाही तिथेच ठार केलं. देशभर हाकाटी झाली, न्यायालयांच्या सुरक्षेचा आढावा झाला, बैठका झाल्या. तीन महिने पुरे व्हायच्या आत, 9 डिसेंबरला, त्याच इमारतीत 102 क्रमांकाच्या दालनात एका बॅगेत स्फोट झाला. स्फोटक कमी ताकदीचं निघालं म्हणून निभावलं. शेजारच्या वकिलाशी जुना वाद असलेल्या एका शास्त्रज्ञाने ते ठेवलं, असं पोलिसांचं म्हणणं. पिस्तूल गेलं त्या इमारतीत बॅगही गेली. 2023 च्या जूनमध्ये लखनौच्या न्यायालयात पुन्हा तेच: वकिलाच्या वेशातला मारेकरी, कोठडीतला आरोपी ठार, आणि गोळीबारात एक लहानगी मुलगी जखमी. ती तिथे कशाला आली होती? तिची आई कोर्टात आली होती म्हणून.

आता तुझ्यावरचा माझा खरा राग कुठे आहे ते सांगतो. आमच्या न्यायालयाच्या गेटावर धातुशोधक चौकट आहे. ती प्रत्येकाला वाजते, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आणि किल्ल्या असतात. वाजली तरी कोणी मान वर करत नाही. बॅगा तपासायचं यंत्र आहे. त्याच्या पट्ट्यावर दुपारचा डबा ठेवलेला मी पाहिलाय. काळा कोट दिसला की हवालदार बाजूला होतो, कारण एकदा कोणा वकिलाची बॅग उघडायला सांगितली तर बार रूममधून चार जण भांडायला आले होते. त्या हवालदाराला मी दोष देत नाही. तो एकटा असतो. सकाळी दहाला तो गेटावर, अकराला कैद्यांबरोबर, दुपारी साहेबांच्या गाडीपाशी. अशा तुटपुंज्या माणसांवर चालणाऱ्या सुरक्षेत तुझा मेल आला की काय होतं? गेटावरचा तो एकुलता माणूसही इमारत झाडायला आत पळतो. जिथे शस्त्र थांबवता आलं असतं तिथलं माणूसबळ तू काढून घेतोस आणि जिथे काहीच नाही तिथे शोधायला लावतोस.

तेही किती वेळा? पहिल्या मेलला पथकाने प्रत्येक कपाट उघडून पाहिलं. रेकॉर्ड रूमचे गठ्ठे खाली काढले. पुढच्या मेलला कुत्रं एकदा फिरलं. त्याच्या पुढच्या वेळी स्टॅम्पवाल्याने दुकान बंदसुद्धा केलं नाही. ‘खोटंच असणार’ म्हणत तो स्टॅम्प विकत राहिला, आणि लोक त्याच्याभोवती उभे राहिले. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना सांगतो ती खोटं बोलू नये म्हणून. पण त्या गोष्टीत शेवटी मरतात ती मेंढरं. तू आमच्या गेटाला, आमच्या हवालदाराला, आमच्या स्टॅम्पवाल्याला भीती वाटेनाशी करतोयस. आणि ज्याला खरोखर काही करायचं आहे तो कधी काळी आमच्याच बाकावर बसून हे सगळं बघत असेल: पथक किती वेळात येतं, कोणत्या दारातून जातं, कोणतं दार उघडं राहतं, न्यायाधीश बाहेर आल्यावर कुठे उभे राहतात. त्याची रंगीत तालीम तू फुकट करून देतोयस.

11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती रवींद्र भट आणि मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने, याच विषयावर आदेश दिला. प्रत्येक उच्च न्यायालयाने राज्य सरकारला बरोबर घेऊन सुरक्षेचा आराखडा करावा, प्रत्येक न्यायालय संकुलाला स्वतःचं कायमस्वरूपी सुरक्षा पथक असावं, येण्याजाण्याच्या वाटांवर कडक तपासणी असावी, कॅमेरे असावेत. त्याआधी धनबादनंतर सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी भर सुनावणीत म्हटलं होतं की धमक्यांच्या तक्रारी केल्या तरी तपासयंत्रणा न्यायाधीशांना मदत करत नाहीत. न्यायालयांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय दल उभारायचं का, या प्रश्नावर केंद्राने ते व्यवहार्य नाही, कायदा-सुव्यवस्था राज्यांचा विषय आहे, असं सांगितलं. तिथून चेंडू राज्याकडे. राज्याकडून पोलीस आयुक्तालयाकडे, तिथून बांधकाम खात्याकडे, कारण गेट वेगळं काढायचं तर भिंत पाडावी लागते. या सगळ्यांना मी वेगळं लिहिणार आहे. तुझ्या पत्रात त्यांच्यासाठी जागा घालवत नाही. पण एवढं तुला सांगतो की त्यांच्या हलगर्जीपणाने तुझं पाप हलकं होत नाही. भिंतीला भगदाड कोणी ठेवलं हा एक गुन्हा, आणि ते दिसल्यावर आत हात घालून लोकांना छळणं हा दुसरा.

आम्हाला काय हवंय ते फार मोठं नाही. काळ्या कोटालाही तपासलं जावं. माझे वकील गेली कित्येक वर्षं कोर्टात उभे राहतात. बॅग उघडून दाखवायला त्यांची हरकत नाही, उलट रोहिणीनंतर ते स्वतःहून दाखवतात. न्यायाधीशांना बाहेर काढायचं तर वेगळ्या वाटेने, ठरलेल्या बंद जागी, पहारा ठेवून. रस्त्यावर, टपऱ्यांसमोर नाही. साक्षीदार मुलांना आरोपींच्या जिन्यावरून उतरवू नये. कैद्यांची हजेरी जिथे होईल तिथे दृक्‌श्राव्य पद्धतीने व्हावी, म्हणजे कोणी कोठडीतल्या माणसाला मारायला काळा कोट घालून बसणार नाही. आणि गेटावर दोन माणसं जास्त, जी दुसऱ्या कुठल्याही कामाला काढली जाणार नाहीत. ही मागणी आमच्या बार असोसिएशनने लेखी दिलीय, मी त्यावर पक्षकार म्हणून सही केलीय.

तू कोण असशील याचा मी विचार केलाय. तुला कोणी मोठा अतिरेकी समजून मी हे लिहीत नाहीये. 2024 साली विमान कंपन्यांना आणि रेल्वेला धमकीचे मेल आले, तेव्हा नागपूर पोलिसांनी त्या प्रकरणात गोंदियाच्या एका माणसाला पकडलं. त्याने दहशतवादावर पुस्तक लिहिलं होतं. 2025 च्या जूनमध्ये अहमदाबाद पोलिसांनी चेन्नईतून एका अभियंता तरुणीला अटक केली. एका तरुणाला अडकवायला तिने त्याच्या नावाने अनेक राज्यांत बॉम्बच्या धमक्या धाडल्या, असा आरोप आहे. आपल्यापर्यंत कोणी पोचणार नाही, असं मेल धाडणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं. सर्व्हर उसना असला तरी बोटं तुझीच असतात, आणि एक दिवस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना माणूस चुकतो. एखाद्या प्रेयसीवरचा, साहेबावरचा, निकालावरचा राग असेल तुझा. कदाचित तुझीही केस वर्षानुवर्षं पडून असेल. ती पडून आहे याचं एक कारण तुझ्यासारखेच आहेत.

भारतीय न्याय संहितेच्या 351व्या कलमात तुझ्यासाठी जागा आहे. नाव लपवून धमकी देणाऱ्याला मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत. पोलीस तुला पकडतील तेव्हा तुला कुठे आणतील? आमच्याच इमारतीत. त्याच जिन्याने, कैदी पार्टीबरोबर, बेडी घालून. नाकेबंदी नसलेल्या त्याच गेटातून. रोहिणीत, लखनौत ज्यांना गोळ्या लागल्या ते कोठडीतले आरोपी होते. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या न्यायालयात जमावाने एका आरोपीला कोर्टाच्या खोलीत ठार केलं. त्या जमावातल्या, त्याच्याच वस्तीतल्या बायकांचा संताप कुठून आला ते नागपूरला पुरेपूर ठाऊक आहे, तरीही कायद्याच्या हवाली केलेला माणूस कायद्याच्या घरात मेला, आणि पुढे दहा वर्षांनी सगळे संशयित पुराव्याअभावी सुटले. तुझ्या मेलने ज्यांची मजुरी बुडाली, ज्यांचा जामीन लांबला, ज्यांच्या पोरीची साक्ष फुकट गेली, ते लोकही त्या दिवशी त्याच आवारात असतील. तुला ओळखणारेही असतील.

त्या दिवशी तुझा जिवंत राहण्याचा हक्क त्या एकट्या हवालदारावर, सतत वाजणाऱ्या त्या चौकटीवर आणि तुझा अर्ज ऐकायला बसलेल्या न्यायाधीशबाईंच्या सुरक्षिततेवर अवलंबून असेल. बाई तुझं म्हणणं ऐकतील. तू त्यांना रस्त्यावर उभं केलंस म्हणून जामीन नाकारणार नाहीत, कागद बघून ठरवतील. फक्त त्या सकाळी तुझ्यासारख्या दुसऱ्या कोणी मेल धाडला, तर तुझा अर्ज राहील, गाडी तुला घेऊन परत जाईल आणि दीड महिन्यानंतरची तारीख मिळेल. मी त्या दिवशी बाकावर असेन तर तुझ्यासाठीसुद्धा मागणी करेन की गेट नीट तपासलं जावं, तुला वेगळ्या वाटेने आणावं आणि तुझं नाव पुकारलं गेलं की कोणीही मध्ये येऊ नये.

पण त्या मुलीची तारीख त्याआधी आहे. तेवढ्या दिवशी तरी काही पाठवू नकोस.

— त्याच न्यायालयातला एक पक्षकार